जमीन कोठे पळून जाते?

चार पैसे गाठीशी जमले म्हणजे ते कोठे ठेवावेत, हा प्रश्न आपल्या समाजात फार जुना आहे आणि त्याचे ठरीव उत्तरही तितकेच जुने आहे. सोने चोर नेईल, पेढी बुडेल, भागीदार दगा देईल. पण जमीन कोठे पळून जाते? असे म्हणत आपल्या वाडवडिलांनी मळे घेतले, बखळी घेतल्या, वाडे बांधले. आणि आज जुळे सोलापुरात किंवा होटगी रस्त्याला कोणी प्लॉट घेतो तेव्हा त्याच्याही मनात हेच वाक्य असते.

या व्याख्यानात आम्ही तेच वाक्य इतिहासाच्या कसोटीला लावून पाहणार आहोत. वाक्य खोटे नाही. जमीन खरोखरच पळत नाही. तथापि जमिनीत पैसा घालून जे बुडाले त्यांच्या हकीकती वाचू लागले म्हणजे एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. त्यांच्यापैकी पुष्कळांची जमीन जागच्या जागी होती. इतकेच नव्हे, तर तिच्या मोलाविषयी त्यांचा अंदाजही बरोबर होता. ते बुडाले ते निराळ्याच कारणांनी. ती कारणे पाहावयास जुन्या मुंबई इलाख्याबाहेर जाण्याची गरज नाही, आणि त्या इतिहासात आपले सोलापूर नुसते प्रेक्षक म्हणून उभे राहिलेले नाही.

आरंभ मुंबईपासून केला पाहिजे. एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत उत्तरेकडील व दक्षिणेकडील राज्यांत यादवी युद्ध पेटले. कापूस हे दक्षिणेचे धन, आणि लँकेशायरच्या गिरण्या बव्हंशी त्याच कापसावर चालत. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखून धरली, तशी मँचेस्टरची नजर मुंबईकडे वळली. वऱ्हाड, खानदेश, गुजरात, धारवाड, जेथून मिळेल तेथून कापूस मुंबईस येऊ लागला. आपल्या गावी आगगाडी आली ती १८६० साली. पण बोरघाटाचे काम अजून पुरे व्हावयाचे होते. तो घाटमार्ग १८६३ मध्ये खुला झाला आणि सोलापूरपासून मुंबईपर्यंत रूळ अखंड जोडले गेले. म्हणजे कापसाचा भाव चढत असता नेमक्या त्याच वेळी दख्खनच्या या टोकाला मुंबईची वाट मोकळी झाली. युद्धाच्या या काळात मुंबईला नेहमीच्या हिशोबापेक्षा ८ कोटी १० लाख पौंड जादा मिळाले, असा अंदाज पुढे करण्यात आला आहे. विणकराच्या वाट्याला यातले काय आले, याची चर्चा मात्र थोडी झाली आहे. कापूस महाग म्हणजे सूत महाग. मागावर बसणाऱ्याला त्या तेजीची ऊब नव्हे, झळच लागली.

एवढा पैसा शहरात आला आणि घालावयास जागा नाही, अशी मुंबईची अवस्था झाली. बेट चिंचोळे. १८६४ च्या शिरगणतीत तेथे ८,१६,५६२ माणसे मोजली गेली. माणसांना घरे हवीत, मालाला वखारी हव्यात, गासड्या दाबण्याच्या कारखान्यांना धक्क्याजवळ जागा हवी, रेल्वेला स्थानके हवीत. जमीन कमी आणि मागणी अमाप. तेव्हा समुद्र हटवून जमीन काढावी, ही कल्पना वेडेपणाची मुळीच नव्हती. सात बेटांची मुंबई एकजीव झाली तीच मुळी खाड्या बुजवून. श्रोत्यांनी हे लक्षात ठेवावे, कारण पुढे जो अनर्थ झाला त्याची चर्चा करताना लोक सहसा असे समजतात की, समुद्रात जमीन विकणारे सारे लुच्चे आणि घेणारे सारे मूर्ख होते. तसे नव्हते.

१८६३ मध्ये बॅक बे रिक्लमेशन कंपनी निघाली. मलबार टेकडीच्या पायथ्यापासून कुलाब्यापर्यंतचा जो अर्धवर्तुळाकार किनारा आहे, तो भरून काढावयाचा, त्यातली पट्टी बी.बी.सी.आय. रेल्वेला कुलाब्याकडे जाण्यासाठी द्यावयाची आणि उरलेली जमीन इमारतींसाठी विकावयाची, असा बेत होता. भांडवल एक कोटी रुपये. पाच हजारांचा एक शेअर, असे दोन हजार शेअर. त्यांतले चारशे मुंबई सरकार स्वतः घेणार होते. हिंदुस्थान सरकारने या सौद्यास मान्यता दिली नाही, म्हणून ते चारशे शेअर जाहीर लिलावात निघाले. पाच हजारांच्या त्या कागदाला सरासरी २६,५०० रुपये आले. लिलाव सरकारी, जागा सरकारी, गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांचे सरकार कंपनीला अनुकूल; मग सामान्य माणसाने भरवसा का ठेवू नये? पुढे हाच शेअर पन्नास हजारांपर्यंत चढला. ज्या जमिनीसाठी हे चालले होते ती त्या दिवशी भरतीच्या पाण्याखाली होती.

या साऱ्याच्या मध्यभागी प्रेमचंद रायचंद हे गृहस्थ होते. सुरतेस १८३१ साली त्यांचा जन्म झाला. मुंबईस येऊन कापूस आणि शेअर यांची दलाली करता करता तिशीच्या आतबाहेरच ते बाजाराचे धनी झाले. त्यांचे नाव कंपनीच्या कागदावर आले की शेअर चढे. जानेवारी १८६५ मध्ये मुंबईत ३१ बँका, १६ फायनान्शियल कंपन्या आणि ८ जमिनीच्या कंपन्या होत्या. कापूस दाबण्याच्या, जहाजांच्या व विम्याच्या कंपन्या निराळ्याच. दहा वर्षांपूर्वी विम्याच्या दहा कंपन्या सोडल्या तर यांतले काहीही नव्हते. माझगाव, कुलाबा, एल्फिन्स्टन, फ्रिअर या नावांनी जमिनीच्या कंपन्या निघाल्या. स्थानिक समुद्र पुरेना, तेव्हा बंगालमध्ये मातला नदीच्या काठी पोर्ट कॅनिंग नावाचे बंदर वसवावयाचे ठरले होते, त्याचेही शेअर मुंबईकरांनी हजाराचे अनेक हजार देऊन घेतले. तो प्रदेश घेणाऱ्यांपैकी किती जणांनी डोळ्यांनी पाहिला असेल? १८६७ च्या वादळाने त्या बंदराची पुरती दैना केली.

आता या व्यवहाराचे यंत्र कसे चालत होते तेही पाहिले पाहिजे. नुसते लोभाला दोष देऊन काही कळत नाही. एखाद्याने कंपनीचा शेअर घेतला. तो शेअर त्याने बँकेत तारण ठेवला. बँकेने दिलेल्या पैशातून त्याने दुसरा शेअर घेतला, आणि तोही तारण ठेवला. शेअर चढत होता तोवर तारण पुरे पडे, किंबहुना दर आठवड्याला जास्तच भासे. बँकेचे भांडवलही अशाच रीतीने उभे राहिले होते, तेव्हा बँक आणि कंपनी ही एकमेकींच्या खांद्यावर उभी होती आणि खाली जमीन नव्हती, पाणी होते. हे शब्दशः खरे आहे. बँक ऑफ बॉम्बे ही १८४० मध्ये स्थापन झालेली, सरकारचे भांडवल व सरकारनियुक्त डायरेक्टर असलेली पेढी. तिच्या जुन्या सनदेत कर्ज कशावर द्यावे याचे कडक निर्बंध होते. १८६३ च्या नव्या कायद्याने ते सैल झाले आणि खाजगी कंपन्यांच्या शेअरांवर कर्ज देण्यास मोकळीक मिळाली. बांध नेमका पुराच्या वर्षी फोडला गेला. पुढे सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली तेव्हा असे बाहेर आले की, प्रेमचंदांना व त्यांच्या शिफारशीने इतरांना या बँकेने धड तारणाशिवायही मोठाल्या रकमा दिल्या होत्या.

यावर आणखी एक मजला चढला होता, तो वायद्याच्या व्यवहारांचा. शेअर आज घ्यावयाचा नाही. अमुक तारखेस अमुक भावाने घेईन, असा करार करावयाचा. बहुतेकांनी जी तारीख धरली होती ती १ जुलै १८६५.

९ एप्रिल १८६५ रोजी अमेरिकेत दक्षिणेचा सेनापती जनरल ली शरण आला. ही वार्ता मुंबईस येऊन थडकली आणि कापूस कोसळला. कापूस कोसळला तेव्हा कापसाच्या पैशावर उभे असलेले शेअर कोसळले. शेअर कोसळले तेव्हा त्यांच्यावर दिलेली कर्जे उघडी पडली. १ जुलै उजाडला तेव्हा ज्याने घ्यावयाचे त्याच्यापाशी पैसा नव्हता, आणि ज्याने द्यावयाचे त्याच्यापाशी असलेल्या कागदाला गिऱ्हाईक नव्हते. पन्नास हजारांचा बॅक बेचा शेअर दोन हजारांच्याही खाली आला. बँक ऑफ बॉम्बेचा शेअर २,८५० रुपयांपर्यंत गेला होता, तो ८७ रुपयांवर आला. त्या बँकेचे बहुतेक भांडवल गेले आणि १८६८ मध्ये तिचा कारभार गुंडाळावा लागला. दिवाळे काढणारांची गर्दी इतकी झाली की त्यांच्यासाठी १८६५ सालीच निराळा कायदा करावा लागला. व्यापारी बुडाले हे साहजिकच. पण वकील, डॉक्टर, नोकरदार हेही बुडाले. डॉ. भाऊ दाजी यांच्यासारख्या विद्वानालाही या सट्ट्यात जबर ठोकर बसली. शहरातली माणसे ओसरली. १८७२ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती ६,४४,४०५ निघाली. आठ वर्षांपूर्वी ज्या खोल्यांसाठी झुंबड होती, त्यांना भाडेकरू शोधण्याची वेळ आली.

येथवरची हकीकत पुष्कळांना ठाऊक असते. आमचा मुद्दा याच्या पुढचा आहे. त्या किनाऱ्यावरील जमिनीचे काय झाले? कंपनी बुडाली, पण तिने भरलेली पट्टी राहिली. ती सरकारकडे आली, तीवरून रेल्वे कुलाब्यापर्यंत गेली, क्वीन्स रोड झाला. ज्या टापूत प्रेमचंदांनी जमीन काढावयाचे मनात आणले होते, त्या टापूत आज चर्चगेट आणि मरीन ड्राइव्ह आहेत, आणि देशातील अत्यंत महाग जागांमध्ये त्यांची गणना होते. म्हणजे १८६४ साली पन्नास हजारांना शेअर घेणाऱ्याचा जमिनीविषयीचा अंदाज चुकला होता काय? चुकला नव्हता. तो सत्तर-ऐंशी वर्षे लवकर होता, एवढेच. आणि त्याचे कर्ज फिटावयाची तारीख तीन महिन्यांवर होती. जमीन त्याच्यासाठी थांबली. व्याज थांबले नाही.

या वावटळीतून प्रेमचंद पुन्हा उभे राहिले, १९०६ पर्यंत जगले. तेजीच्या भरात, १८६४ मध्ये, त्यांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले होते. तो राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पुरा झाला. सट्ट्याच्या पैशातले टिकाऊ असे जे थोडे उरले त्यातला हा मोठा भाग, असे म्हणावयास हरकत नाही.

मुंबईचा हा धुरळा बसला तेव्हा घाटावर, आपल्या मुलुखात, त्याच तेजीचे दुसरे प्रकरण शिजत होते. तेथे शेअर नव्हते. तेथे खतपत्रे होती.

इंग्रजी अमलापूर्वी दख्खनचा सावकार शेतकऱ्याला कर्ज देई ते पिकावर आणि पतीवर. जमीन लिलावात काढून घेण्याची सोय फारशी नव्हती. नव्या पाहणीने, जी १८३६ मध्ये इंदापुरापासून सुरू झाली आणि मग सोलापूर जिल्ह्यातही आली, प्रत्येक शेताला नंबर मिळाला, सारा तीस वर्षांसाठी ठरला, आणि खातेदाराला जमीन विकण्याचा व गहाण टाकण्याचा हक्क मिळाला. जमीन ही प्रथमच चांगले तारण झाली. तिच्यावर कर्ज देणे म्हणजे पैसा सुरक्षित ठेवणे, असे सावकारास वाटू लागले. कापसाच्या तेजीत भाव चढे तेव्हा शेतकऱ्याला कर्ज सहज मिळाले. त्याने बैल घेतले, विहिरी खणल्या, लग्ने केली. १८६५ नंतर भाव उतरले. त्यातच तीस वर्षांची मुदत भरली आणि १८६७ पासून, पुन्हा इंदापुरापासूनच, फेरपाहणी होऊन सारा वाढला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या खताचा दावा तीन वर्षांत लावणे भाग होते. ऋणकोचे रक्षण व्हावे हा त्याचा हेतू. पण प्रत्यक्षात दर तीन वर्षांनी व्याज मुदलात घालून नवे खत लिहून घेण्याची चाल पडली. शंभराचे तीनशे झाले, तीनशेचा हुकूमनामा झाला, आणि जमीन सावकाराच्या नावावर चढली.

१२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यात सुपे येथे बाजाराच्या दिवशी लोक उठले. पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत हे लोण पसरले. जमावाने मागितले काय, तर खतपत्रे आणि हुकूमनामे. आणि मिळाले ते जाळले. माणसांना सहसा हात लावला नाही. आमच्या मते दख्खनच्या शेतकऱ्याने त्या दिवशी अर्थशास्त्राचे एक तत्त्व बरोबर ओळखले होते. जमीन कोणी उचलून नेली नव्हती. ती नेली होती कागदाने, म्हणून आग कागदाला.

या कथेत शेतकऱ्याचे दुःख सर्वांना दिसते आणि दिसलेच पाहिजे. पण आजचा विषय जमिनीत पैसा घालणाऱ्याचा आहे, आणि तो पैसा घालणारा येथे सावकार होता. त्याला वाटले, आपण सर्वांत पक्क्या तारणावर पैसा दिला. त्याचे काय झाले? १८७६-७७ च्या दुष्काळाने सोलापूर जिल्हा होरपळून निघाला; पीक नाही, गुरे नाहीत, तर जमिनीला गिऱ्हाईक कोठले! त्यावर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा आला. तो पुणे, सातारा, अहमदनगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांना लागू झाला. या कायद्याने कोर्टाला अधिकार दिला की, खतावर लिहिलेली रक्कम प्रमाण न मानता व्यवहाराचा मुळापासून इतिहास तपासावा, वाजवी व्याज ठरवावे, हप्ते बांधून द्यावेत. आणि जी जमीन स्पष्टपणे गहाण दिलेली नाही ती साध्या कर्जापायी विकू नये. पुढे या कायद्यात अशीही भर पडली की, कागद खरेदीखताचा असला तरी मूळ बोली गहाणाची होती हे तोंडी पुराव्याने दाखविता यावे. न्यायमूर्ती रानडे १८८७ पासून याच कायद्याखाली स्पेशल जज्ज होते.

कायदा न्याय्य होता, याविषयी आम्हांस शंका नाही. परंतु पैसा गुंतविणाऱ्याच्या दृष्टीने पाहा. ज्याने मुदतखरेदीने शेत घेतले आणि जो दहा वर्षे ते आपले म्हणून कसवीत होता, त्याला एके दिवशी कोर्टात कळावयाचे की आपण मालक नव्हतोच, गहाणदार होतो. व्यवहार झाला त्या दिवशी असा कायदा नव्हता. पण जमिनीचा व्यवहार एका दिवसात संपत नसतो. धान्य विकले की संपले. जमिनीचा खरेदीदार हा पुढे होणाऱ्या प्रत्येक कायद्याच्या हवाली असतो.

तेव्हा खाजगी कंपनी बुडते, सावकार बुडतो; सरकारने स्वतः हा धंदा केला तर? तोही प्रयोग झाला. पहिल्या महायुद्धानंतर मुंबईत पुन्हा तेजी आली, जागांचे भाव पुन्हा आकाशाला भिडले, आणि गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी १९२० मध्ये डेव्हलपमेंट खाते उघडून तीच बॅक बे भरावयास घेतली. १,१४५ एकर जमीन काढावयाची. ती विकून खर्च भरून निघेल, वर नफा राहील. दर्याच्या तळाची माती उपसून टाकावयाची, पण भिंतीतून ती पाझरून परत समुद्रात जाऊ लागली. उपसणाऱ्या यंत्राचे काम ठरल्यापेक्षा कमी पडले, खर्चाचा अंदाज दुपटीच्याही वर गेला, आणि तोवर तेजी ओसरली. कायदेकौन्सिलात व वृत्तपत्रांत खुर्शेद नरिमन यांनी या कारभारावर असा भडिमार केला की हार्वे नावाच्या अधिकाऱ्याने त्यांच्यावर अब्रुनुकसानीची फिर्याद लावली; नरिमन निर्दोष सुटले. शेवटी बेताच्या निम्म्याहूनही कमी जमीन निघाली. लोकांनी या योजनेला लॉइडसाहेबांचा वेडेपणा असेच नाव ठेवले.

त्याच खात्याने कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधण्याचे योजिले होते. पैसा उभारण्यासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गासडीवर एक रुपया जकात बसविली; तेव्हा आपल्या भागातून गेलेल्या कापसानेही हा भार उचलला आहे. वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या आणि त्यांतल्या पुष्कळ खोल्या बरीच वर्षे रिकाम्या पडून होत्या. ज्या बी.डी.डी. चाळींत पुढे एकेका खोलीत दहा-दहा माणसे राहिली आणि ज्यांच्या पुनर्विकासावर आमच्या डोळ्यांदेखत वर्षानुवर्षे खल झाला, त्याच या चाळी. येथेही गरजेचा अंदाज चुकला नव्हता. वेळ चुकली.

सरकारला एक सवलत असते. तोटा झाला तर ते करातून भरते आणि पुढची पिढी मरीन ड्राइव्हवर फिरावयास जाते. खाजगी माणसाला ती सवलत नाही.

आता स्वातंत्र्यानंतरच्या काळाकडे वळू. येथे आमच्या श्रोत्यांपैकी काहींच्या घरच्याच गोष्टी निघतील. पंढरपूर, बार्शी, माढा, अक्कलकोट, कोठेही पाहा, गावात चार पैसे मिळविणारा वकील, वैद्य, व्यापारी पूर्वी हटकून शेती घेई. स्वतः कसण्यासाठी नव्हे. कुळाकडे लावून खंड खाण्यासाठी. म्हातारपणाची सोय, विधवा सुनेची सोय, देवाच्या उत्सवाची सोय या खंडावर होत असे. १९४८ चा कुळकायदा आला, १९५६ मध्ये त्यात दुरुस्ती झाली, आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी कुळ हे कायद्याने खरेदीदार मानले गेले. किंमत ठरली ती बाजारभावाने नव्हे, तर आकाराच्या वीसपट ते दोनशेपट या मर्यादेत, आणि तीही हप्त्यांनी. कसणाऱ्याला जमीन मिळाली हे योग्यच झाले. पण बापजाद्यांनी पै पै साठवून जमीन घेतली आणि ती नोंदीच्या एका ओळीने गेली, अशी खंत बाळगणारी घरे या जिल्ह्यात आहेत, आणि त्यांनाही इतिहासात एक वाक्य मिळाले पाहिजे.

शहरात वाडा बांधणाऱ्याची गत निराळी नव्हती. सोलापूर हे गिरण्यांचे गाव. १८७७ च्या सुमारास जुन्या गिरणीचा भोंगा वाजू लागला आणि मग एकामागून एक गिरण्या निघाल्या. कामगार, कारकून, मागवाले यांना खोल्या हव्या होत्या. ज्याच्यापाशी बखळ होती त्याने चाळ काढली, वाड्यात बिऱ्हाडे ठेवली. या गुंतवणुकीत सट्टा नव्हता, कर्जही बहुधा नव्हते. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाड्याची जी प्रमाण मर्यादा धरली ती १ सप्टेंबर १९४० च्या भाड्याची. युद्धाच्या टंचाईत भाडेकरूला नागवू नये म्हणून केलेली ही तात्पुरती सोय पन्नास वर्षे चालली. पाच-दहा रुपये भाड्यात कौले शाकारून होत नाहीत, मग मालक दुरुस्ती करीना, मालक दुरुस्ती करीना म्हणून भाडेकरू भाडे वाढवून देईना, आणि मधल्या मध्ये वाडा पडला. १९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, गोठवून ठेवलेल्या भाड्याच्या या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्या आहेत. नवा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. तोवर जुनी गिरणी बंद पडून तीन तपे उलटली होती, आणि ज्या कामगारांसाठी खोल्या बांधल्या त्यांची नातवंडे पुण्याला गेली होती.

हल्लीच्या गिऱ्हाइकाला या जुन्या गोष्टी दूरच्या वाटतील. त्याला कूळ नको, भाडेकरू नको. त्याला मोकळा प्लॉट हवा. बांधण्यापूर्वीच विकल्या जाणाऱ्या घरांसाठी १९६३ मध्ये महाराष्ट्राने फ्लॅटचा कायदा केला, आणि २०१६ च्या केंद्रीय रेरा कायद्याने असे बंधन घातले की गिऱ्हाइकांकडून आलेल्या पैशाचा ७० टक्के भाग निराळ्या खात्यात ठेवून तो त्याच प्रकल्पाच्या जमिनीवर व बांधकामावर खर्चावा. बॅक बे कंपनीच्या भागधारकांना हे कलम फार आवडले असते. मात्र ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जागेला किंवा आठ सदनिकांपर्यंतच्या बांधकामाला या नोंदणीतून सूट आहे, हे पुष्कळांना माहीत नसते.

आणि आपल्याकडे जो व्यवहार सर्वांत जास्त झाला तो या कायद्याच्या कक्षेबाहेरचाच. १९९२ च्या हद्दवाढीने सोलापूरभोवतीची खेडी शहरात आली. शेतकऱ्याने वावराचे तुकडे पाडले, मधल्या माणसाने चुन्याच्या रेघा मारल्या, आणि गिरणीतून सुटताना मिळालेल्या किंवा विडीच्या मजुरीतून साठविलेल्या पैशात लोकांनी एकेक गुंठा घेतला. कागद काय, तर शंभराच्या स्टँपावरचे साठेखत, नाहीतर नुसती पावती. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळे एवढ्या तुकड्याचे खरेदीखत सहजी नोंदत नव्हते. सातबाऱ्यावर मूळ मालकाचे नाव, आणि तो वारल्यावर त्याच्या साऱ्या वारसांची नावे. जमीन मात्र तेथेच होती. तीवर पत्रे टाकून लोक राहावयास गेले. २००१ मध्ये गुंठेवारीचा कायदा झाला, तो १ जानेवारी २००१ पूर्वीच्या तुकड्यांपुरता. त्यानंतर ज्यांनी घेतले ते बाहेर राहिले. ना बांधकाम परवाना, ना बँकेचे कर्ज, ना पोरीच्या लग्नाला विकावयाची सोय. २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन ती तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे आली. मध्यंतरीच्या वीस वर्षांत ज्याने पहिली पावती फाडून दिली तो मधला माणूस पुष्कळ ठिकाणी हयात राहिला नव्हता, आणि प्लॉट नियमित करण्यासाठी अर्ज लिहिणाऱ्याच्या हातात त्याची ती पावती तेवढी होती.